उमेदवारीचे माप

पंधराव्या शतकात बेदरच्या बहामनी दरबारात आजच्यासारखे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याची चाल असती, आणि मंगळवेढ्याच्या ठाण्यावरील अंमलदार दामाजीपंत यांच्याविषयीचा कागद भरण्याचे काम एखाद्या दक्ष, प्रामाणिक आणि नियमाला धरून चालणाऱ्या वरिष्ठ कारकुनाकडे आले असते, तर त्या बिचाऱ्याने पंतांना किती गुण दिले असते, हा प्रश्न मला मंगळवेढ्याची वेस दिसू लागली की हटकून पडतो. हिशेबाचा चोखपणा, आजवर उत्तम. सरकारी मालाचे जतन, शून्य. वरिष्ठांची पूर्वपरवानगी, तीही शून्य. आणि दुष्काळाने माणसे दारात येऊन पडत असताना, बादशाही कोठाराची किल्ली कमरेला असलेल्या माणसाने काय करावे, हे ठरविण्याची जी शक्ती पंतांनी दाखविली तिच्यासाठी त्या कागदावर बहुधा रकानाच नसता.

कथा सर्वांना ठाऊक आहे. महिपतीने ‘भक्तविजय’ ग्रंथात, म्हणजे १७६२ साली, ती सांगितली आणि त्याआधी व त्यानंतर कीर्तनकारांनी ती घरोघर पोचविली. पंतांनी कोठारे मोकळी केली, चुगली बेदरला गेली, पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ते वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंग दरबारात हजर होऊन धान्याची सगळी रक्कम भरून मोकळा झाला. या कथेतील चमत्कार लोकांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात राहते ती रसीद. विठूने पैसे ओतले आणि तो तसाच निघून गेला नाही. त्याने दाखल्याचा कागद मागून घेतला. ज्याने ही कथा रचली त्या अनामिक मंगळवेढेकराला कचेरीचा व्यवहार पुरता अवगत असला पाहिजे, कारण देवाच्या हातूनसुद्धा त्याने रुजुवात पुरी करवून घेतली आहे.

विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या अंगी नेतृत्वाचे आणि व्यवस्थापनाचे गुण किती, आणि उद्या काम अंगावर पडले तर ते पेलण्याची त्यांची सिद्धता किती, याचे मोजमाप करण्याच्या ज्या नाना युक्त्या गेल्या शंभर वर्षांत निघाल्या त्यांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. असा विचार करण्यास मंगळवेढ्यासारखे गाव शोधून सापडणार नाही, कारण दामाजीपंतांच्याही तीन शतके आधी, हे गाव मंगळवाड या नावाने कलचुरी बिज्जलाचे ठाणे असताना, येथील राजकोषात एक तरुण करणिक, आजच्या भाषेत हिशेबनीस, म्हणून रुजू झाला होता आणि त्याचे नाव बसवेश्वर असे होते. कोणालाच न लागलेला एक जुना लेख त्यांनी वाचून दाखविला आणि त्यावरून त्यांची योग्यता वरिष्ठांच्या ध्यानी आली, असे चरित्रकथा सांगतात. कथा अक्षरशः खरी धरावी असा माझा आग्रह नाही. परंतु माणूस पारखण्याची जी रीत तीत गृहीत धरली आहे ती मोठी मार्मिक आहे. ‘तुला वाचता येते काय’ असे कोणी विचारले नाही. वाचण्याचा कागद पुढे ठेवला. हाच करणिक पुढे कल्याणास जाऊन राज्याच्या भांडाराचा प्रमुख झाला आणि श्रमाला, म्हणजे कायकाला, पूजा मानणाऱ्या एका महान लोकसमूहाचा नायकही झाला. व्यवस्थापक निराळा आणि नेता निराळा, असे जे हल्ली पुस्तकांतून ठासून सांगितले जाते ते मला म्हणूनच फारसे पटत नाही. कोठारात धान्य किती, खाणारी तोंडे किती आणि पुढचा पाऊस किती महिन्यांवर, हा त्रैराशिकाचा हिशेब ज्याला मांडता येत नव्हता त्याच्या हातून कोठार उघडले गेले असते तर ते वाटप न होता लूट झाली असती.

माणूस कामाला लावूनच पारखावा या रीतीला आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे आणि आपण तो निवडणुकीच्या हवाली करून बसलो आहो. तो शब्द म्हणजे उमेदवारी. फारसीतील उमेद म्हणजे आशा. आशेवर जो कचेरीत येऊन बसतो तो उमेदवार. मामलेदाराच्या कचेरीत चिटकायचे असेल तर तरुणाने वर्ष-दोन वर्षे बिनपगारी जाऊन बसावे, बोरू तासावेत, नकला कराव्यात, मोडी पत्रांचा गोषवारा काढावा, बारनिशीत आवक-जावक टिपावी, कीर्द-खतावणीचा मेळ घालताना जुन्या कारकुनाच्या शिव्या खाव्यात, आणि मग केव्हा तरी जागा खाली झाली की ज्यांनी त्याला रोज पाहिले त्यांनीच शिरस्तेदाराच्या कानावर घालावे की पोरगा बरा आहे. कायद्याच्या भाषेने हा शब्द अजून सोडलेला नाही. १९६१ च्या अधिनियमाचे मराठी नाव ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असेच आहे. ‘इंटर्नशिप’ या नावाने महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर जी आज लागते ती हीच आपली जुनी उमेदवारी, फक्त बोरू जाऊन संगणक आलेला.

तथापि जुन्या गोष्टीचे गोडवे गाताना तिचे पाप झाकणे योग्य नव्हे. बिनपगारी बसणे ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी आहे त्यालाच परवडे, आणि कचेरीच्या ओसरीपर्यंत पोचण्यासाठीही चुलता वा मेहुणा आत असावा लागे. याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली वेठीने राबणाऱ्या मजुरांसमवेत संत चोखामेळा गाडले गेले. साल १३३८ सांगतात. ढिगाऱ्यातील हाडे कानाशी लावून, ज्यांतून विठ्ठलनामाचा नाद आला ती चोखोबांची, अशी ओळख नामदेवांनी पटविली, ही परंपरा आहे. ज्या माणसाचे अभंग सातशे वर्षे टिकले त्याच्या अंगी काय होते हे पाहण्याची तसदी त्या भिंतीच्या मुकादमाने घेतली नव्हती, कारण ज्याला तराजूजवळ येऊच द्यायचे नाही त्याचे वजन करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उघड, सर्वांना सारखी, लेखी नियमांनी बांधलेली परीक्षा ही मला तिच्या सर्व दोषांसह म्हणूनच हवीशी वाटते. वशिल्याला उत्तर म्हणून ती जन्मास आली आहे.

आता आजच्या परीक्षेकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सोलापुरास झाले आणि आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. मंगळवेढ्याच्या महाविद्यालयात कलाशाखेची पदवी घेणारी मुलगी सकाळी ज्वारीच्या रानातून, एस.टी.ने किंवा भावाच्या मोटारसायकलवरून येते. तिच्या गुणपत्रिकेवर मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांचे अंक असतात, परंतु चार माणसांकडून काम करून घेणे तिला साधते काय याविषयी त्या कागदावर एक अक्षर नसते. ही उणीव सर्वांनाच जाणवते, आणि जेथे उणीव जाणवते तेथे मोजणारे येतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचा आकडा उद्धृत झाला. दशकापूर्वी हे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, असेही तेथे म्हटले आहे. वृत्तपत्रांनी साहजिकच उरलेल्या निम्म्यांचा मथळा केला. परंतु हा आकडा ज्या चाचणीतून निघतो ती संगणकासमोर बसून द्यावयाची आहे आणि तीत मुख्यतः इंग्रजी, अंकगणिती तर्क, चिकित्सक विचार आणि संगणकाची ओळख तपासली जाते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे कोण म्हणेल? परंतु चारा छावणीवर पाचशे जनावरांची नोंद ठेवू शकणारा मुलगा तीत सहज नापास होऊ शकेल, आणि जो उत्तीर्ण होईल तो छावणीवर अर्धा दिवस टिकेल याची हमी ती चाचणी देत नाही.

विद्यापीठीय संशोधनात दुसरी एक रीत फार रूढ आहे, कारण ती स्वस्त आहे. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९३२ साली मनोवृत्ती मोजण्यासाठी ‘पूर्णतः सहमत’ पासून ‘पूर्णतः असहमत’ पर्यंतची पायऱ्यांची शिडी सुचविली आणि ती शिडी आता प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात उभी असते. ‘मी गटाचे नेतृत्व आत्मविश्वासाने करू शकतो’ असे विधान, त्यापुढे पाच चौकटी, आणि तास संपायला सात मिनिटे उरली आहेत. मागच्या बाकावर एकाने ‘सहमत’वर खूण केली की ती खूण बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. विद्यार्थ्याने स्वतःलाच दिलेल्या या गुणांची बेरीज होते, सरासरी निघते, आणि अमुक महाविद्यालयातील नेतृत्वगुण मध्यमाहून अधिक असल्याचा निष्कर्ष छापला जातो. कॉर्नेल विद्यापीठातील क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ साली दाखवून दिले की ज्यांना एखादी गोष्ट सर्वांत कमी येते तेच आपल्या येण्याविषयी सर्वांत मोठी चूक करतात, कारण चूक ओळखण्यास जे ज्ञान लागते तेच त्यांच्यापाशी नसते. आपल्याकडे याला उथळ पाण्याचा खळखळाट म्हणतात. त्यांनी तो मोजला इतकेच.

येथे मोजमापशास्त्रातील दोन शब्दांची गाठ घालून दिली पाहिजे, नाहीतर पुढचा मजकूर अधांतरी राहील. एक विश्वसनीयता, दुसरा सप्रमाणता. जुन्या मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारी पायलीने मोजली जाई. चार शेरांची एक पायली, परंतु शेर कोणत्या गावचा यावर सगळे अवलंबून, आणि त्यातही लबाड व्यापाऱ्याच्या पायलीला आतून लाकडाचा दुसरा तळ. अशा पायलीने दहा वेळा मोजा, दहाही वेळा माप तंतोतंत सारखे येईल. ही झाली विश्वसनीयता. शेतकरी मात्र दहाही वेळा तेवढाच बुडेल; हा झाला सप्रमाणतेचा अभाव. प्रश्नावलीच्या पानापानावर जो ‘अल्फा’ नावाचा अंक मिरविला जातो, जो क्रॉनबाख याच्या १९५१ च्या लेखाने रूढ झाला, तो प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतात की नाही एवढेच सांगतो. पायलीला दुसरा तळ आहे की नाही हे पाहण्यासाठी तीत हात घालावा लागतो. १९५६ च्या कायद्याने शेर-पायल्या जाऊन देशभर किलोग्रॅम आला, परंतु माणसाच्या कर्तबगारीचा किलोग्रॅम अजून कोठल्याही प्रयोगशाळेत ठेवलेला नाही.

मोजणाऱ्याच्या डोळ्यातही दोष असतो. एडवर्ड थॉर्नडाइक याने १९२० साली एक निरीक्षण मांडले की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण देतात खरे, पण हे अंक एकमेकांशी संशयास्पद रीतीने जुळतात; एका गोष्टीने मन भरले की तिचे तेज बाकीच्या रकान्यांवर सांडते. आपल्याकडे हे तेज बहुतेक वेळा इंग्रजीचे असते. फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा प्रामाणिकपणातही दोन गुण अधिक घेऊन जातो आणि मनात आधी मराठीत, क्वचित सीमेवरच्या गावचा असेल तर कानडीत, वाक्य जुळवून मग बोलणारा मुलगा निर्णयशक्तीत मार खातो. भाषा बदलली की माप नव्याने बसवावे लागते, ही गोष्ट आपल्याच मुलखात फार पूर्वी कोणी ओळखली होती. १९३० च्या दशकात धारवाडकडील व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी कानडी आणि मराठी मुलांवर तपासून, प्रश्न बदलून, वयाप्रमाणे नव्याने प्रमाणित केली, आणि ती बिने-कामत कसोटी पुढे कित्येक पिढ्या वापरात राहिली. नेतृत्वाच्या परदेशी प्रश्नावल्यांचे नुसते भाषांतर करून त्या सोलापूर जिल्ह्यातील मुलांच्या हाती देणाऱ्यांनी कामतांच्या त्या कष्टांकडे एकदा पाहावे.

नेतृत्व तोंडाने न वदवता डोळ्यांनी पाहण्याची कल्पना युद्धाने दिली. जर्मन सैन्यात माक्स झिमोनाइट याच्या देखरेखीखाली अधिकाऱ्यांची निवड अनेक दिवसांच्या निरीक्षणाने होई. इंग्रजांची रीत मात्र अशी की उमेदवार कोणत्या शाळेतला, बाप काय करतो, आणि बोलण्याचा ढंग कसा, हे अर्ध्या घटकेच्या मुलाखतीत पाहून मोकळे व्हावे. दुसऱ्या महायुद्धात घराण्यांचा साठा संपला आणि या रीतीने निवडलेले पुष्कळ तरुण प्रशिक्षणातच गळू लागले, तेव्हा १९४२ मध्ये तेथे नवी निवडमंडळे आली आणि मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड बिऑन याने नायक नसलेल्या गटाची चाचणी पुढे आणली. आठ अनोळखी माणसांना एक काम द्यावे, त्यांच्यात कोणालाही प्रमुख नेमू नये, आणि बाजूला उभे राहून पाहावे. १९४३ साली डेहराडून येथे असेच प्रायोगिक मंडळ भारतासाठी निघाले आणि आजची सैन्यदलाची निवड त्याच वंशातील आहे.

छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था मुलांना या निवडीसाठी तयार करीत आली आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना हा पाच दिवसांचा सोपस्कार परिचित आहे. मैदानावर लाकडी खांब आणि चौकटी उभ्या असतात, त्यांना रंग दिलेले. अमुक रंगावर पाय ठेवायचा नाही, मधल्या जमिनीला स्पर्श करायचा नाही, आणि एक फळी, एक बल्ली व दोराचे भेंडोळे एवढ्या सामग्रीवर सगळ्या गटाने ओझ्यासह पलीकडे जायचे. पहिली दोन मिनिटे सर्वच बोलतात. त्यानंतर जे दिसते ते पाहण्याजोगे असते. कोणी ओरडतच राहतो. कोणी दोराची गाठ मारू लागतो पण का ते कोणाला सांगत नाही. आणि एखादा, ज्याची योजना पहिल्यांदा कोणी ऐकलीच नाही, तो दुसऱ्याच्या चुकीच्या योजनेलाही खांदा देतो, ती फसली की न चिडता आपली फळी पुढे सरकवतो, आणि शेवटचा माणूस पलीकडे येईपर्यंत बल्लीचे टोक सोडत नाही. परीक्षक तीन असतात: मुलाखत घेणारा, मानसतज्ज्ञ आणि मैदानावरचा, तिघेही आपापला अंदाज स्वतंत्रपणे बांधतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र बसतात. उमेदवार मनसा, वाचा, कर्मणा एकच आहे की नाही हे पाहणे, असा या योजनेचा अर्थ तिचे जाणकार सांगतात. विचारात एक, बोलण्यात दुसरा आणि फळीवर तिसरा असा माणूस या तिघांच्या चाळणीतून सहसा सुटत नाही.

युद्धात सापडलेली ही युक्ती व्यापारात नेली ती अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने. १९५६ पासून डग्लस ब्रे याने त्या कंपनीच्या ४२२ तरुण नोकरांना तुकड्यातुकड्यांनी बोलावून, काही दिवस अनेक प्रकारची कामे देऊन, कोण पुढे चढेल याची भाकिते लिहून ठेवली आणि ती कुलपात बंद केली. ही भाकिते ना साहेबांना दाखविली ना त्या तरुणांना. आठ वर्षांनी पाहता, जे मधल्या अधिकारपदापर्यंत पोचतील असे लिहिले होते त्यांच्यात पोचलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक निघाले. या प्रयोगाचा मोठेपणा त्या कुलपात आहे. साहेबाने भाकीत वाचले असते तर ‘चढेल’ म्हटलेल्यालाच त्याने चढविले असते आणि परीक्षा खरी ठरल्याचा डंका पिटला असता.

ब्रेच्या कसोट्यांपैकी एक मला विशेष प्रिय आहे, आणि ती १९५० च्या दशकातच अमेरिकन विमानदलासाठी नॉर्मन फ्रेडरिक्सन व त्याचे सहकारी यांनी बसविली होती. टेबलावर आलेल्या टपालाचा गठ्ठा, आणि हाती वेळ एक तास. तिचा मंगळवेढी अवतार करणे काहीच अवघड नाही. समजा, चैत्रातला सोमवार आहे. विद्यार्थिनीला सांगितले की तू तहसील कचेरीत आजच रुजू झालेली नायब तहसीलदार आहेस, तुझ्या आधीचे बदलून गेले, साहेब बैठकीसाठी सोलापुरास, दूरध्वनी बंद, आणि बारा वाजता तुलाही निघायचे आहे. पुढे वीस कागद. दक्षिणेकडच्या एका गावची टँकर वाढवून मिळण्याची मागणी. जिल्हाधिकारी कार्यालयाचे दुसरे स्मरणपत्र, ज्याचे उत्तर आज संध्याकाळपर्यंत गेले पाहिजे. रेशन दुकानदाराविरुद्ध निनावी अर्ज. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण. शिपायाचा रजेचा अर्ज, आई दवाखान्यात. पीकपंचनाम्याच्या याद्या, त्यांतल्या एकीवर तलाठ्याची सही नाही. आणि गठ्ठ्याच्या तळाशी टँकरच्या ठेकेदाराचे बिल, ज्यात वरच्याच गावाला रोज तीन खेपा पोचल्याचे लिहिले आहे, तर मागणीपत्रात सरपंच लिहितात की खेप एकच येते.

बहुसंख्य विद्यार्थी वरचा कागद आधी घेतात, कारण तो वर असतो. काही जण प्रत्येक कागदावर ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारीत वीसही कागद चाळीस मिनिटांत हातावेगळे करतात. हा शेरा मराठी प्रशासनाची सर्वांत आवडती झोप आहे आणि त्याला शून्य गुण. जिला आधी सगळा गठ्ठा चाळावासा वाटतो, जी निमंत्रण बाजूला सारते, शिपायाची रजा दोन शब्दांत मंजूर करते, स्मरणपत्राच्या उत्तराचा मसुदा अव्वल कारकुनाकडे सोपवून त्याला वेळ घालून देते, आणि टँकरच्या मागणीपत्राला व तळाच्या बिलाला एकच टाचणी लावून ‘टँकरचे नोंदपुस्तक आजच मागवावे, तोवर बिल थांबवावे, खेपा थांबवू नयेत’ असे लिहिते, तिच्याविषयी गुणपत्रिकेला न कळलेले बरेच काही त्या टाचणीने सांगितलेले असते. शेवटचे ते तीन शब्द लक्षात घ्यावेत. बिल थांबविणे व्यवस्थापकाला सुचते. खेपा थांबवू नयेत हे कोठाराची किल्ली ज्याच्या हाती शोभेल त्यालाच सुचते. गुण देताना मात्र परीक्षक दोन असावेत, त्यांनी एकमेकांचे अंक पाहू नयेत, आणि काय लिहिले असता किती गुण हे गठ्ठा उघडण्यापूर्वीच ठरलेले असावे. नाहीतर आपणच नव्या नावाने शिरस्तेदाराची मर्जी परत आणली असे होईल. संशोधनाचा कौलही याच बाजूचा आहे. निवडीच्या साधनांचा जो मोठा फेरआढावा सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये घेतला त्यात ठरीव प्रश्नांची, सर्वांना सारखी मुलाखत अग्रस्थानी आली आणि कामाचे ज्ञान व कामाचा नमुना करवून घेणे या गोष्टीही वरच्या रांगेत राहिल्या. ऐसपैस गप्पांची मुलाखत बरीच खाली होती.

असल्या बांधीव परीक्षेस जेथे सोय नाही तेथेही महाविद्यालयाजवळ निरीक्षणाची जागा असते, पण तिच्याकडे कोणी परीक्षा म्हणून पाहत नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात आणि एक सात दिवसांचे शिबिर करावयाचे असते. उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना हार घालणारा मुलगा आणि तिसऱ्या दिवशी, हाताला फोड आल्यावर, समतल चर खणणाऱ्या तुकडीत टिकाव-घमेल्यांची मोजदाद करून कोणाची पाळी कधी हे ठरविणारी मुलगी, ही दोन निराळी माणसे असतात. प्रशस्तिपत्रक बहुधा पहिल्याला मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उघडून ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र महाविद्यालयापर्यंत नेले. आज पुष्कळ विद्यापीठांत त्या नावाची योजना आहे आणि ग्रंथालयात, रोपवाटिकेत वा कार्यालयात तासाप्रमाणे काम करणाऱ्या मुलांचे हजेरीपत्रक असते. सहा महिन्यांचे असे हजेरीपत्रक, त्यावर कोणते काम न सांगता केले याची देखरेखनिसाने लिहिलेली एकेक ओळ, एवढे जरी जपले तरी कोणत्याही प्रश्नावलीहून अधिक बोलके साधन हाती येईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणास आता श्रेयांक मिळू लागले आहेत आणि २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतनही मिळते, म्हणजे जुन्या उमेदवारीचे बिनपगारीचे पाप काही अंशी धुतले गेले. परंतु एका ठिकाणी मी स्वतः असा दाखला हाती घेतला आहे की ज्यावर प्रशिक्षणार्थ्याचे नाव भरायचे राहिले होते आणि ‘काम अत्यंत समाधानकारक’ एवढे शिक्क्यासह तयार होते.

या भागात माप कसे लावावे हे शिकायचे असेल तर मोहोळला जावे. मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती मालदांडी. तिच्यातूनच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण स्वातंत्र्यापूर्वी निघाले. कणसे निवडायची, त्यांचे बी वेगळे पेरायचे, रब्बीचा एक हंगाम पाहायचा, पुन्हा निवडायचे, पुन्हा पेरायचे, आणि ओल कमी पडलेल्या सालीही जे उभे राहिले तेवढेच ठेवायचे. कणीस हातात घेऊन त्याचा टपोरेपणा वाखाणणे सोपे, पण त्यावरून त्याला पसंती देऊन कोणी मोकळे झाले नाही. आजही रब्बी ज्वारीचे नवे वाण काढले की ते या जुन्या मालदांडीशेजारी पेरून तपासण्याचा प्रघात आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा पुढचा हंगाम पाहण्याची सोय महाविद्यालयाच्या कपाटातच असते. तिला माजी विद्यार्थी नोंदवही म्हणतात. मेळाव्याच्या दिवशी ती मांडवाच्या दाराशी टेबलावर ठेवतात, शेजारी गुलाबपाणी आणि पेढे. नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, भ्रमणध्वनी आणि ‘सध्याचे काम’ असे तिचे चार रकाने. शिबिरात टिकाव-घमेली मोजणारी ती मुलगी आज कोठे आहे, टपालाच्या गठ्ठ्यात टाचणी लावणारीचे पुढे काय झाले, मागच्या बाकावरून ‘सहमत’ म्हणणाऱ्याने काय सांभाळले, हे सगळे त्या चौथ्या रकान्यात उतरावयाचे असते. मी अशा काही वह्या चाळल्या आहेत. नाव सुवाच्य असते, वर्ष असते, क्रमांक दहा आकडी पुरा असतो. आणि चौथ्या रकान्यात, पानामागून पान, वरच्या ओळीसारखेच म्हणून दोन टिंबे दिलेली असतात.